खुंटीजवळचा पतंग

पाठीवर कवटी — पिवळट, दोन डोळ्यांच्या खाचांसकट — आणि खाली मिटलेले जाड तपकिरी पंख. सकाळपासून जलालच्या सदऱ्याच्या खुंटीला चिकटून बसलेला हा पतंग तसूभरही हलला नव्हता, आणि जोहराच्या हातातला झाडू तसाच वर राहिला होता.

"हात नको लावू!" खाटेवरून सासू, खैरुनबी, ओरडली. "माहा जलाल हाये तो. तुह्या निकाहाची गोष्ट निघाली, अन् आला पाहाय."

जलाल... गेल्या सालच्या फ्लूच्या साथीत गेलेला नवरा. संध्याकाळच्या मोटारीनं जोहराचा भाऊ मोहिउद्दीन दारव्ह्याहून येणार होता, वाहिदमियाँनं तिला घातलेल्या मागणीला हो की नाही ते विचारायला.

विस्तव मागायला आलेल्या शेजारच्या सुखीबाईनं भिंतीकडे पाहिलं. "काय वं जोहरा, जित्ता होता तवा कापसाच्या जिनाबाहेर पत्ते कुटत बसे, घर दिसे नाही त्याले. मेल्यावर बरा रस्ता सापडला!"

"तोंड जळो तुहं, सुखे!" सासू खाटेवरून कडाडली.

जोहराला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचीच भीती वाटली. मागच्या वाडीतल्या तिळावर शेपटाला शिंग असलेल्या बोटाएवढ्या हिरव्या अळ्या होत्या — चिमट्यानं धरून तिनंच फेकल्या होत्या. त्यांचाच असा पतंग होतो, लहानपणी डब्यात ठेवून पाहिलं होतं... ठाऊक असून काय उपयोग? झाडू तिनं खाली ठेवून दिला.

दुपारी सासू नमाजला बसली तेव्हा जोहरानं बोट पुढं केलं. नुसतं टेकवलं.

चीं —

पतंग ओरडला. खरंच ओरडला! आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "जाऊ का मी?"

पाण्याला जाताना जिनाबाहेर थांबून ती असंच विचारायची. तो पत्त्यांतून मान वर न काढता हूं म्हणायचा. आताही ती त्या हूंची वाट पाहत उभी होती... एका किड्यापुढे! थू तुझ्या जिंदगानीवर, जोहरा.

नमाज संपवून, सलाम फेरून सासूनं हळूच विचारलं, "काय म्हणे तो?"

म्हातारीचे डोळे खुंटीवर नव्हते, जोहराच्या तोंडावर होते. जोहरानं ते पाहिलं — आज पहिल्यांदाच.

"तो कायी नाही म्हणत, अम्मा. तुमीच सांगा. मी गेली तर तुमी कशा राह्यसान?"

म्हातारी जानमाजची घडी करत राहिली; मोडली, पुन्हा केली. मेलेल्याशी भांडणं सोपं होतं, या जित्या म्हातारीशी नाही... मोटार यायला अजून वेळ होता; जोहरा म्हातारीच्या समोर खाली बसली.