वाटेत अडवलेला तंतू

मी एक चेतातंतू आहे. जुना नाही, ज्या बाळाचा मी, ते अजून जन्मलेलंही नाही. राग मात्र माझा चांगला मुरलेला आहे. मित्रांनो, राणीसावरगावच्या अर्पिताच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूत मी वाढतो. कानावर पडलेला आवाज मेंदूच्या अगदी वरच्या थरापर्यंत नेऊन द्यायचा, हे माझं काम. त्यासाठी आधी मला तिथवर पोचायला हवं.

या प्रवासाला नकाशा नसतो. माझ्या टोकाला बारीक फुटवे आहेत, त्यांनी चाचपत मी पुढे सरकतो. वाटेतल्या पेशी रस सोडतात. एक रस मला जवळ बोलावतो, दुसरा हाकलून लावतो. एवढ्यावर मी निघालो आणि एकही वळण चुकलो नाही.

चौथ्या महिन्यात मात्र वाटेवरच्या खुणा फिक्या पडल्या. अर्पिताला थायरॉइडची गोळी होती, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची. आमच्या मेंदूची बांधणी त्याच औषधाच्या आधारावर चाललेली. तिची सासू धुरपताबाई हिने गोळ्यांची बाटलीच तुरीच्या डब्यात दडवली.

"गरवारशीनं उपाशीपोटी गोळी खायची? लेकराला उष्णता लागंल. आधी भाकर खा."

"आत्याबाई, डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टरला किती लेकरं झाली? मला पाच झाली."

अर्पिता भाकर खायला बसली. मला तिचाही संताप आला. तीन आठवडे मी जागच्या जागी चाचपडत होतो. माझ्याबरोबर निघालेले कितीतरी तंतू भलतीकडे वळले.

मग तपासणीला गावची आशा कार्यकर्ती राजेश्री आली. तिने गोळ्या दाखवायला सांगितल्या, तर धुरपताबाईने मोठ्या अभिमानाने डबा पुढे केला.

"मीच ठिवल्या. लय जपायले मी सुनंला."

"काकू, ह्याला जपणं म्हणत न्हाईत!" राजेश्री कडाडली. "लेकराच्या डोक्याची वाढ हुकली तर काय करणार हाव तुमी?"

दुसऱ्या दिवशी गोळी सुरू झाली. मी कसाबसा वर पोचलो. भलतीकडे गेलेले पोचले नाहीत.

मित्रांनो, मायेपोटी केली म्हणून चूक लहान होत नाही. गरोदर बाईची गोळी डॉक्टरांना न विचारता कुणीही बंद करू नये. उद्या बाळ जन्मेल, धुरपताबाई त्याला लाडाने हाक मारील. ती हाक नेऊन द्यायला जितके निघालो होतो, तितके आम्ही आता नाही. बाळाने उशिरा वळून पाहिलं, तर तिने बाळाला बोल लावू नये.