शंभर टक्के उगवण

निसर्ग कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे विज्ञानाचं पहिलं तत्त्व. तिसरीच्या वर्गात मात्र तो बाईंचं ऐकायचा. दरवर्षी ओल्या कापसावर घेवड्याच्या बिया ठेवल्या जात आणि दरवर्षी झाडून सगळ्या पेल्यांतून हिरवे कोंब माना वर काढत. मुख्याध्यापक पालकसभेत छाती फुगवून सांगत, "आमच्याकडे शंभर टक्के उगवण!" जणू पेरणी त्यांनीच केली होती.

खरं शेत बाईंच्या फ्रिजवर होतं. तिथे एका ताटात जास्तीच्या बिया भिजत पडलेल्या असत. मुलं यायच्या आधी बाई वर्गात शिरत, कुजकं बी चिमटीने उचलत आणि त्या जागी घरचं मोड आलेलं बी बसवत. नोकरीच्या पहिल्या वर्षी निम्म्या बिया सडल्या होत्या आणि निम्मा वर्ग हमसून हमसून रडला होता. एवढ्याशा पोरांना रडवून शिकवावं इतकं काही विज्ञानाचं अडलेलं नाही, असं बाईंनी तेव्हाच ठरवून टाकलं. "पाणी, हवा, ऊन वेळच्या वेळी दिलं की जीव धरतोच," त्या म्हणत आणि वर्ग एका सुरात ते घोकत असे.

यंदा बिया उगवल्यानंतर खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी आठवडाभर आली नाही. तिचे आजोबा गेले होते. कधीचे अंथरुणाला खिळलेले, डॉक्टरांनीही हात टेकलेले. त्यामुळे कुणाला धक्का वगैरे बसला नव्हता. ती परत आली तेव्हा सोबत तिची आई होती.

"बाई, तुम्हीच सांगा हिला काहीतरी. जेवत नाही, बोलत नाही. नुसतं 'माझंच चुकलं' म्हणते."

"काय चुकलं?"

"मला मेलीला काय कळतंय! सासऱ्यांची कॉट हिनेच ओढत खिडकीशी नेली होती. उन्हात. आणि सारखी चमच्याने पाणी पाजायची. आम्ही म्हटलं, नात आहे, करू दे."

बाईंची नजर खिडकीत ओळीने ठेवलेल्या पेल्यांवर गेली.

मधल्या सुट्टीत त्या मुलीशेजारी बसल्या. बाक मुलांच्या मापाचा, त्यामुळे गुडघे हनुवटीला टेकले.

"आजोबा फार थकले होते गं, बाळा."

"माझं बी पण सगळ्यात बारकं होतं. तरी आलं ना?"

"आलं."

"सगळ्यांची आली. गुंड्याचं पण आलं. तो पाणी घालतच नाही, बाटलीतलं सरबत ओततो." तिने मान वर केली. "बाई, माझं पाणी कमी पडलं का जास्त झालं?"

देवाघरी गेले, तारा झाले, अशी वाक्यं बाईंजवळ ढिगाने होती. पण समोर खिडकीत पुरावा रांगेने उभा होता, आणि तो बाईंनीच उगवून आणला होता. इतक्या वर्षांत प्रयोगावरून स्वतःच्या डोक्याने निष्कर्ष काढणारी ही पहिलीच विद्यार्थिनी.

सुट्टी संपल्यावर बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या.

"बऱ्याच जणांच्या बिया कुजल्या होत्या. मी गुपचूप बदलल्या. सगळं नीट दिलं तरी काही बिया उगवत नाहीत. त्यात कुणाचं काही चुकलेलं नसतं."

पोरं खिडकीतल्या पेल्यांकडे वळून बघू लागली.

"म्हणजे बाई, तुम्ही कॉपी केली?" गुंड्याने विचारलं.

"हो."

"दरवर्षी?"

"गप बस रे. हो, दरवर्षी."

मुलगी आपला पेला घेऊन टेबलापाशी आली. "हे माझं नाही?"

"नाही."

"माझं कुजलं होतं? मी रोज पाणी दिलं तरी?"

"तू सगळं बरोबर दिलंस. तरीही."

तिने तो परका कोंब बराच वेळ न्याहाळला. मग ती रडली. भर वर्गात, तोंड उघडून, आजोबा गेल्यापासून पहिल्यांदा. बाईंनी तिला जवळ ओढलं. त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

हुंदके ओसरल्यावर तिने नाक पुसलं. "मग माझं खरं बी कुठंय?"

"कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं."

ती कोपऱ्यात गेली आणि तिने डब्यात वाकून पाहिलं. डबा रिकामा होता. कचऱ्याची गाडी रोज सकाळी येते.