मुगाएवढी अफू

अफूखात्याने दिलेल्या मुखियापणात आपल्याला काय मिळणार, याचा हिशोब उंकारलाल धाकडाने चोख मांडून ठेवला होता. गावातल्या सगळ्या परवानेवाल्या शेतकऱ्यांचा अफूचा चीक रोज सकाळी त्याच्या ओसरीवर तोलला जाणार. तोलाई बेताचीच, पण मान भरपूर. अफूखात्याचे साहेब आले की चहा त्याच्याच घरी. मुखियाचा स्वतःचा पट्टा, म्हणजे परवाना, कापायला तर कोण धजणार? मंदसौरच्या त्या मुलखात ज्याच्या घरी अफू पिकवायचा सरकारी पट्टा, त्याच्याच पोराला मुली सांगून येतात. बाकीच्यांची पोरं आरशात बघत बसतात.

मान टिकवायचा तर खात्याचा विश्वास हवा. तो उंकारलालने पहिल्याच हंगामात मिळवला. शेजारच्या बगदीरामने भुशाच्या कोठीत दडवलेला अफूचा गोळा त्याने साहेबांना बोटाने दाखवला. थोडंफार दडवत सगळेच होते. घरातल्या म्हाताऱ्यांना, दुखण्याखुपण्याला लागतेच. पण बोट एकाकडेच गेलं. बगदीरामचा पट्टा गेला, वर तो तुरुंगाची हवा खाऊन आला. आल्यावर तो उंकारलालला रोज वाकून रामराम घालू लागला, जरा जास्तच वाकून.

त्यानंतरच्या हंगामात धापूबाईची, म्हणजे उंकारलालच्या बायकोची कंबर धरली. उदयपूरच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, रोग हाडांत उतरलाय, बरा व्हायचा नाही. दुखणं तेवढं मारता येईल. "औषध तुमच्याच शेतातलं आहे," तो म्हणाला आणि मॉर्फिनच्या थोड्या गोळ्या लिहून दिल्या.

फाल्गुनात अफूच्या बोंडांना चिरा पडल्या. धापूबाई सुनेच्या खांद्याला धरून शेतात आली. बोंडाबोंडावर तपकिरी चीक लोंबत होता.

"अहो, एवढीशी ठेवा ना बाजूला. मुगाएवढी."

"मुखियाच्या घरात? साहेबांना कळलं तर?"

"साहेब माझ्या हाडांना विचारणार आहेत का?"

"खात्याचा तोल होऊ दे गं. उदयपूरहून गोळ्या आणतो. सरकारी, शुद्ध, कागदासकट."

"कागदाचं काय दुखतंय?" म्हणून ती बांधावर बसली. उंकारलाल चीक खरवडत राहिला. त्याने पात्याला चिकटलेलंसुद्धा निपटून भांड्यात घातलं. चैत्र सरता सरता सगळं खात्यात जमा झालं. माल उत्तम निघाला. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली, "मुखिया असावा तर असा."

ज्येष्ठात गोळ्या संपल्या. उदयपूरच्या दुकानदाराने सांगितलं, माल आला नाही, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यातही तेच. जिल्ह्याच्या दवाखान्यात ते औषध ठेवायचा परवानाच नव्हता. धापूबाई आधी ओढणीचा बोळा तोंडात धरून कण्हायची. मग बोळा पुरेना. तिचं ओरडणं विहिरीवर ऐकू यायचं.

शेवटी उंकारलाल बगदीरामच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बगदीरामभाई, घरात थोडी अफू असेल तर..."

बगदीरामने त्याच्या मागे वाकून पाहिलं. "साहेब कुठे आहेत? भिंतीआड उभे केलेत?"

"नाही रे बाबा. तुझ्या वहिनीसाठी मागतोय."

"वहिनीसाठी जीव मागा, मुखियाजी. पण अफू? तुम्ही असताना या गावात?"

उंकारलालने पगडी उतरवून त्याच्या पायाशी ठेवली. बगदीरामने ती उचलली, झटकली आणि अलगद पुन्हा त्याच्या डोक्यावर बसवली. "हेही साहेबांनीच शिकवलं का?"

मग उंकारलाल घरोघर फिरला. एकीने वासराच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. एकाने कोठीचं झाकण काढून दाखवलं, "या, बघा की आत." सगळेच काही डूख धरून नव्हते, बरेचसे खरोखर घाबरले होते. ज्याच्या बोटाने माणूस तुरुंगात जातो, त्याच्या ओंजळीत काय घालायचं?

आषाढ लागायच्या आत धापूबाई ओरडायची थांबली.

तिसऱ्या दिवशी अंगणात दुखवट्याचं जाजम पडलं. त्या मुलखात शोकाच्या घरी अफूचं पाणी फिरवावं लागतं. नाही फिरलं तर मेलेल्या माणसाचा अपमान. उंकारलालच्या घरात तर कणही नव्हता. पण गावाने लाज राखली. येणाऱ्या प्रत्येकाने अंगरख्याच्या खिशातून पुडी काढली आणि निमूट जाजमावर ठेवली. दुखवट्याच्या जाजमावर कोणी कुणाला धरून देत नाही, अशी जुनी रीत. पुड्यांचा ढीग झाला. बगदीरामने त्यातली अफू खलात घोटली, पाण्यात गाळली आणि तळहातावर घेऊन उंकारलालच्या ओठांपाशी नेली.

"घ्या मुखियाजी. दुःखात नको म्हणायचं नसतं."

उंकारलालने ढिगाकडे पाहिलं. "बगदीराम, ही... ही कधीची आहे?"



"कोण विचारतंय?" बगदीराम हळूच म्हणाला. "घरधनी की मुखिया?"

मान खाली घालून उंकारलाल शेजाऱ्याच्या तळहातावरचं ते कडू पाणी प्यायला. मग रीतीप्रमाणे त्यानेही ओंजळ भरून बगदीरामला पाजली. माणसं सैल झाली, पावसापाण्याच्या गोष्टी निघाल्या.

खात्याला माल पोचला, मुखियाचं नाव राहिलं, बगदीरामचं उट्टं फिटलं, गावाची रीतही पाळली गेली. या सगळ्याचं मोल धापूबाईने एकटीने चुकतं केलं होतं, शुद्धीवर राहून.