निंबावर टांगलेला रूळ

मी एक जुना रूळ आहे. म्हणजे रुळाचा हातभर तुकडा. मित्रांनो, लोखंडाला कसला आलाय स्वभाव असे तुम्हाला वाटेल, पण मी जरा कुरकुऱ्याच आहे. तरुणपणी मी दौंडजवळ पडून असायचो आणि अंगावरून मालगाड्या धडधडत जायच्या. पुढे झिजलो, तेव्हा मला कापून भंगारात काढले. जवळच्या एका गावातल्या शाळेने मला विकत आणले आणि फाटकाबाहेरच्या निंबावर टांगले. तेव्हापासून मी घंटा झालो.

शिपाई पोपटमामा मला हातोडीने बडवत. ब्याण्णव साली ते तापाने आजारी पडले, तेव्हा दहावीतली अंजना पुढे झाली. पहिल्या दिवशी तिने मला असे काही ठोकले की निंबावरचे कावळे उडाले. मग तिचा हात बसला. मामा बरे झाले तरी शनिवारची घंटा तिचीच राहिली. हेडमास्तर एकदा सर्वांसमोर म्हणाले, "अंजनाची घंटा पाटसपर्यंत ऐकू जाते." पोरगी आठवडाभर हवेत होती. परीक्षा झाली, तिचे लग्न मांडवगण फराट्याला झाले आणि ती पुन्हा शाळेकडे आली नाही.

दोन हजार नऊ साली अंजनाच्या दहावीच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्याची टूम निघाली. गावातलाच गोकुळ आणि पुण्याला कंपनीत असलेला नागसेन माझ्याखाली बसून बेत आखू लागले. मागच्या खेपेला 'येतो येतो' म्हणून निम्मे लोक आलेच नव्हते आणि वाया गेलेल्या जेवणाचा भुर्दंड गोकुळला पडला होता. म्हणून नागसेनने ठरवले की पैसे आधी, तेही बँकेतून थेट त्याच्या खात्यावर. ज्याचे पैसे येतील त्याचेच नाव यादीत.

"अंजनाला फोन केला व्हता," गोकुळ म्हणाला. "म्हणली, येते. पयली घंटा मीच देणार म्हणली."

ते ऐकून मला फार बरे वाटले.

काही दिवसांनी दोघे पुन्हा आले. नागसेन म्हणाला, "कुणा प्रांजलच्या नावानं पैसे आलेत. आपल्या वर्गात होती का अशी कोण?"

"न्हाई बा. चुकून आलं आसतील."

"आणि अंजनाचे आलेच नाहीत."

"संसारी बाई. जमलं नसंल."

तिला आणखी एक फोन करावा, हे दोघांपैकी एकालाही सुचले नाही.

मेळाव्याच्या दिवशी अंजना सकाळीच आली. अंगावर नवी साडी, हातात घरच्या मळ्यातल्या शेवंतीचा हार. तो माझ्यासाठी होता. फाटकावर जेवणाच्या ठेकेदाराचा माणूस यादी घेऊन उभा होता.

"ताई, नाव नाही तुमचं."

"पैसं भरल्यात की. माझं खातं न्हाई, म्हणून पुतणीनं तिच्या खात्यावरनं पाठवल्यात."

"मला ते माहीत नाही. यादीत असेल त्यालाच सोडायला सांगितलंय."

मागे मोटारी येऊन थांबत होत्या. 'नागसेनला बोलवा' म्हणायला तिने तोंड उघडले आणि मिटले.

"ऱ्हाऊ द्या," ती हळूच म्हणाली. "लोक म्हणतील, फुकट जेवाय आली."

जाताना तिने मला नुसता हात लावला. हातोडी शेजारच्याच खिळ्याला होती, पण तिने तिकडे पाहिले नाही. हारही तिच्याबरोबरच परत गेला.

दहा वाजता घंटेची वेळ झाली, तेव्हा कुठे गोकुळला तिची आठवण झाली. त्याने फोन लावला, तो तिने उचलला नाही. शेवटी नागसेननेच मला ठोकले. टाळ्या पडल्या. माझा आवाज मात्र बद्द आला.

प्रांजलचे पैसे उरले. ते कोणाचे हे कळेना, म्हणून त्यांनी भल्या मनाने त्यातून मला चंदेरी रंग दिला. आता शाळेत विजेची घंटा आहे. मी अंजनाच्या पैशांचा रंग अंगावर घेऊन नुसता लोंबतो आहे. ती परत येईल असे मला वाटत नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणत नाही. एखादे नाव ओळखीचे नसले, तर ते कोणाचे एवढे तरी विचारा. मी लोखंड आहे. कुणी ठोकल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. तुमचे तसे नाही.