आठ मिनिटांचं ड्रेसिंग

मुलांच्या वॉर्डात नियमच होता: घरी जाण्याआधी घरच्या दोघांनी ड्रेसिंग शिकून घ्यायचं. कागदावर दोन नावांसाठी दोन ओळी होत्या. शिंप्याने पहिल्या ओळीत आपलं नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीपाशी पेन जरा घुटमळलं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याने कागद तसाच परत दिला.

लेक सहा वर्षांची. उकळतं पाणी सांडून तिची मांडी भाजली होती. शेजारच्या खाटांभोवती मावश्या, माम्या, आत्यांचा गराडा असायचा. हिच्या खाटेशी एकच स्टूल आणि त्यावर तो.

पण हात शिंप्याचा. जखमेवरची जुनी औषधी जाळी सलाइनने भिजवायची, अलगद सोडवायची, मलम लावायचं, नवी जाळी, वर पट्टी. तिसऱ्या दिवशीच तो हे सगळं आठ मिनिटांत उरकू लागला.

"आमच्या पोटावर पाय आणता की काय!" थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

त्याला बरं वाटलं. कितीतरी दिवसांत कुणी त्याचं कौतुक केलं नव्हतं. जितकं लवकर आटपेल तितकं पोरीचं दुखणं कमी, असा त्याचा सरळ हिशेब.

पाचव्या दिवशी सकाळी तो नुसता वेणी घालायला जवळ गेला. पोरीने पाय पोटाशी घेतले आणि ओरडली, "सिस्टर! बाबा आला!"

शेजारच्या खाटेवरची कुणाची तरी मावशी खुदकन हसली. तो कंगवा घेऊन तसाच उभा राहिला.

दुपारी त्याने सिस्टरना व्हरांड्यात गाठलं. "परवा सोडणार तुम्ही. घरात आम्ही दोघंच. ती मलाच घाबरली, तर तिने जायचं कुणाकडे?"

"ड्रेसिंग करताना तिच्याशी काय बोलता?"

"बोलतो कुठे? बोललं की काम बिघडतं."

"अहो, ती कापड आहे का?" सिस्टर म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "उद्या ती 'थांब' म्हणाली की थांबायचं. 'कर' म्हणेपर्यंत हात लावायचा नाही."

"आणि म्हणालीच नाही तर?"

"तर बसून राहायचं."

दुसऱ्या दिवशी त्याने लेकीला नियम सांगितला.

"खरंच?"

"खरंच."

"थांब!" त्याने अजून हातही लावला नव्हता. तो थांबला. "कर." पट्टी जरा सुटली. "थांब!" पुन्हा थांबला. तीन-चारदा तिने त्याची अशी परीक्षा घेतली. कडेला उभ्या सिस्टर घड्याळाकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होत्या.

मग जाळी चिकटलेली जागा आली.

"थांब."

या वेळचा आवाज वेगळा होता. त्याने हात वर धरले. हातांना काम नाही, डोळ्यांनाही नाही. म्हणून त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ सुकून फुटले होते. हनुवटी थरथरत होती. इतके दिवस तो फक्त मांडीच बघत आला होता.

"बाबा, तुला भीती वाटते?"

नाही म्हणणं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"वाटते," तो म्हणाला. "रोज वाटते." हे तो आजवर कुणापाशीच बोलला नव्हता. बोलायला कुणी नव्हतंच.

पोरीने थोडा विचार केला.

"मग घाई नको करूस," ती म्हणाली. "हं. कर आता."