पंचविसावा तुकडा

मी कोड्याचा एक जुना लाकडी तक्ता आहे, मित्रांनो. माझ्यावर एके काळी सहा कॅमेरे रोखलेले असत, पण त्याची बढाई मारायला मन धजत नाही. एका भल्या माणसाची माझ्यामुळे साऱ्या जगासमोर फजिती झाली. ती गोष्ट आज सांगून टाकतो.

मला घडवलं सुतारमामांनी, टीव्हीवरच्या एका स्पर्धेसाठी. आठ अनोळखी माणसं दोन महिने एका घरात राहणार, खेळ खेळणार आणि दर आठवड्याला मतं देऊन आपल्यातल्याच एकाला घरी धाडणार. शेवटी जो उरेल त्याला त्याच्या मनातला धंदा थाटून मिळणार. सुतारमामांनी एकाच लाकडातून मला आणि माझ्या जुळ्या भावाला कापलं. प्रत्येकाला एक चौकट आणि पंचवीस वेडेवाकडे तुकडे. अंगावर चित्र नाही की आकडा नाही. पंचविसावा तुकडा पाचरीसारखा सगळ्यांच्या शेवटी बसायचा, खालची कळ दाबायचा आणि घंटा वाजायची. घंटा होईपर्यंत आपण बरोबर आहोत की चुकलो आहोत, हे कळायला मार्गच नव्हता. तीच त्यातली मेख होती.

मामांचा हात सोन्यासारखा. पण "गाडी उद्या सकाळीच येतेय," असा निरोप आला आणि त्यांची धांदल उडाली. माझ्या चोवीस तुकड्यांना व्हार्निश लागलं आणि डबा संपला. पंचविसावा तुकडा कोराच राहिला.

"एकाने काय आभाळ कोसळतंय!" मामा स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी मला पोत्यात गुंडाळलं.

स्पर्धेच्या घरात सामानाची खोली आधीच गच्च भरली होती. म्हणून आम्हा दोघांना मागच्या पडवीत ठेवलं, वर ताडपत्री टाकून. भावाला दाराजवळची कोरडी जागा मिळाली. माझ्या वाट्याला आलं धुण्याचं यंत्र आणि कपडे वाळत घालायची दोरी. दिवसभर माझ्या बाजूला पाणी ठिबकायचं आणि माझा कोरा तुकडा ती ओल पीत राहायचा.

याच पडवीत दोन माणसं रोज कपडे वाळत घालायच्या निमित्ताने येत. एक बसवाले काका. बावीस वर्षं एकाच घाटातून बस नेणारे. त्यांना स्वतःची एक छोटी बस हवी होती. दुसरी शिवणताई. घरी निघताना सासूबाईंनी तिला ऐकवलं होतं, "आठवड्यात परत येशील, शिवणाचं यंत्र झाकून ठेवत नाही मी." तिला स्वतःचं दुकान हवं होतं.

"काका, सगळ्यांसमोर आपण एकमेकांशी फटकून वागायचं," ताई हळूच म्हणाली. "आपली जोडी आहे हे कळलं, तर आधी आपलाच काटा काढतील."

"मला नाटक जमत नाही गं."

"मग नुसती माझ्या भाजीला नावं ठेवा."

"हां, ते जमेल," काका गंभीरपणे म्हणाले. "त्यात नाटक करावं लागणार नाही."

घरात तिघांचा एक गट होता, तिघांचा दुसरा. मधली ही दोन मतं ज्या पारड्यात पडतील ते पारडं खाली जायचं. या आठवड्यात इकडे, पुढच्या आठवड्यात तिकडे, असं करत या दोघांनी पाच जणांना घराबाहेर काढलं. दोघांच्या भाजीवरून झालेल्या भांडणांवर मात्र सगळ्यांचा विश्वास होता. मला ती हुशारी फार आवडायची. ताडपत्रीखाली बसून मीही त्यांच्या कटात सामील आहे, असं वाटायचं.

एकदा काकांनी विचारलं, "आणि आपणच समोरासमोर आलो तर?"

"तर सरळ खेळायचं. जो हरेल त्याने हसत घरी जायचं. आपल्या दोघांत खोटं नाही."

"दिला शब्द?"

"दिला."

शेवटी एका गटातला पैलवान, काका आणि ताई असे तिघंच उरले. पैलवान आधीचा खेळ जिंकून थेट अंतिम फेरीत गेला. दुसऱ्या जागेसाठी या दोघांनाच भिडायचं होतं, आणि खेळ होता आमचा. हरणारा त्याच दिवशी घरी.

तक्ता निवडायचा मान ताईला मिळाला होता. त्याआधी मिनिटभर तुकडे हाताळायची मुभा होती. शिवणकाम करणाऱ्या बोटांना सुताएवढा फरक कळतो. तिने माझा पंचविसावा तुकडा उचलला, अंगठा फिरवला, भावाच्या तुकड्याशी लावून पाहिला. माझा फुगला होता. तिला कळलं, हे मला त्या अंगठ्यावरूनच कळलं. दिग्दर्शिका पाच पावलांवर उभी होती. एक वाक्य बोलली असती तर तुकडा बदलला असता.

"मी हा घेते," ताई म्हणाली आणि भावापाशी जाऊन उभी राहिली.

काकांनी मला कसं सोडवलं म्हणता! घाटातली वळणं घ्यावीत तसे, न थबकता. ताईचे आठ तुकडे बाकी होते, तेव्हा काकांच्या हातात शेवटचा तुकडा होता. त्यांनी तो सरकवला. तो अर्ध्यात अडला. त्यांनी तळव्याने दाबला, मुठीने ठोकला. मी जीव खाऊन आक्रसायचा प्रयत्न केला, पण लाकूड ते लाकूडच.

काकांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मान वळवून विचारलं, "ताई, माझं बरोबर आहे ना गं?"

तिने पाहिलं. चोवीस तुकडे चोख बसलेले होते.

"नाही काका," ती म्हणाली, "दुसरी ओळ चुकलीय. परत लावा."

आणि काकांनी क्षणाचाही विचार न करता माझे तुकडे उपसून काढले. ते दुसरी ओळ धुंडाळत होते, तेवढ्यात भावाची घंटा वाजली.

काका हसत घरी गेले, शब्द दिल्याप्रमाणे. ताई अंतिम फेरीत पैलवानापुढे हरली. म्हणजे तिच्याही हाती धुपाटणंच आलं. पण लोकांच्या ध्यानात राहिले ते काका. सोडवलेलं कोडं स्वतःच मोडणारा माणूस! ती चित्रफीत फोनाफोनातून फिरली. बसमध्ये प्रवासी विचारायचे, "काका, वळण बरोबर आहे ना, की परत लावायचं?" काका हसून सोडून द्यायचे. पण हळूहळू त्यांना खरंच वाटू लागलं, की आपलं डोकं ऐन वेळी दगा देतं. पाठीशी चाळीस जीव घेऊन असा माणूस घाटात कसा जाईल? त्यांनी अर्ज केला आणि ते आगाराच्या चौकशी खिडकीवर जाऊन बसले.

ही बातमी सुतारमामांच्या कानावर आली. तोवर स्पर्धेचं सामान मोडीत निघालं होतं आणि मामांनी मला परत आणून दुकानात दाराआड ठेवलं होतं. टीव्हीवर तो तुकडा अडताना पाहिला, तेव्हाच त्यांना कोरा राहिलेला तुकडा आठवला होता. पण बोललो तर पुढचं काम जाईल, या भीतीने ते गप्प बसले. माझ्याकडे बघायचंही टाळायचे. अखेर मामी म्हणाल्या, "अहो, त्या माणसाने गाडी सोडली. तुम्ही अजून किती दिवस हा तक्ता दाराआड लपवणार?"

दुसऱ्या दिवशी मामा मला काखोटीला मारून आगारात गेले. खिडकीसमोर उभे राहून त्यांनी कोरा तुकडा आणि व्हार्निश लावलेला तुकडा शेजारी शेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं.

काकांनी दोन्ही तुकडे उचलून बोटांनी चाचपले. "म्हणजे माझं बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"पहिल्यांदा लावलं तेच?"

"तेच. चूक माझी होती."

काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि तिसऱ्यांदा विचारलं, "बरोबर होतं?" मामांनी होकारार्थी मान हलवली.

महिन्याभरात काका पुन्हा घाटात गाडी नेऊ लागले. मला त्यांनी आगाराच्या प्रतीक्षागृहात ठेवून घेतलं. तिथे एका दुपारी शिवणताई आली. वाळली होती. काका चहा पीत होते. ती समोर उभी राहिली.

"काका, तुमचं बरोबर होतं. मला दिसत होतं. तुकडा फुगलाय हेही मला आधीपासून ठाऊक होतं."

काकांनी कप खाली ठेवला. "सुतारमामा येऊन गेल्यापासून मी स्वतःला समजावत होतो, की तुला दिसलं नसेल."

"दिसलं होतं. मला माफ करा."

"आत्ता नाही जमायचं," काका म्हणाले. "हरलो त्याचं काही नाही गं. मी तुला विचारलं होतं."

गाडीची वेळ झाली तसे काका उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"साडेचारची गाडी माझी आहे. यायचं तर ये. गाडी चालवताना मी बोलत नाही. वरच्या थांब्यावर अर्धा तास मिळतो."

ती त्यांच्यामागून गेली. वर काय बोलणं झालं, मला माहीत नाही.

मित्रांनो, लाकडाला ओल लागू देऊ नका, आणि कोणतंही काम 'एकाने काय होतंय' म्हणून अर्धवट सोडू नका. पण त्याहून एक मोठी विनवणी आहे. कोणी घामाघूम होऊन तुम्हाला विचारलं, "माझं बरोबर आहे ना?" आणि ते बरोबर असलं, तर तिथल्या तिथे सांगा. तुमचा डाव गेला तरी सांगा. त्या दिवशी सगळं कळूनही मी गप्प राहिलो, कारण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.