काक्षीभोवतीची धूळ

काक्षी फिका पडतोय असं बाबांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पोळी अर्धी टाकून उठले.

मृग नक्षत्रातला हा तांबडा, म्हातारा तारा माझ्या संशोधनाचा विषय. असे तारे म्हातारपणी स्वतःचं अंग झडू देतात. झडलेल्याची धूळ होते आणि ती ताऱ्याभोवती कवच धरते. ही धूळ ताऱ्याचा प्रकाश अडवते, पण तापून स्वतः अवरक्त प्रकाशात चमकते, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या प्रकाशात. तारा फिका आणि अवरक्त तेज वाढलेलं, असं दोन्ही एकदम सापडलं की समजायचं, नवी धूळ निघाली. त्या एका क्षणासाठी मी कितीतरी वर्षं टपून बसले होते.

बाबा टपालखात्यातून निवृत्त झालेले. गिरगाव सोडून खाडीकाठच्या जेसल पार्कात आल्यापासून रोज संध्याकाळी गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी त्यांचा मुक्काम. नेम धरल्यासारखा डावा डोळा मिटायचा आणि काक्षी शेजारच्या पांढऱ्या प्रश्वा ताऱ्याशी ताडून बघायचा, ही त्यांची रीत. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि चुकलाच तर ते मान्य करत नसत.

ही गोष्ट २००६च्या फेब्रुवारीतली. मी लगेच रोशनला फोन लावला. माझा हा सहकारी तेव्हा अबूच्या डोंगरावरच्या अवरक्त दुर्बिणीवर होता. त्याचं उत्तर येईपर्यंत मी मनातल्या मनात शोधनिबंध लिहूनही टाकला होता, आणि बाबांनी वॉचमनलासुद्धा बातमी दिली होती.

रोशनचा फोन आला. अवरक्त तेज वाढलेलं नव्हतं, आणि साध्या प्रकाशातही काक्षी जसाच्या तसा होता. बाबांचा चष्मा बदल, म्हणून तो हसला. मीही चिडून तेच घरी ऐकवलं.

बाबा दुखावले. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "तुझ्या यंत्राला सांग, रोहिणीपण उतरलीये."

रोहिणीचा ताराही तांबूसच. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन तारे एकाच महिन्यात फिके पडत नाहीत. आणि पांढऱ्या ताऱ्यांबद्दल बाबांची काही तक्रार नव्हती.

रोशनची बहीण स्वप्नाली डोळ्यांची डॉक्टर. तिला विचारलं तर ती हसली नाही. सकाळी डोकं दुखतं का, एवढंच तिने विचारलं. दुखत होतं, महिनाभर, आणि बाबा खाडीवरच्या वाऱ्याला बोल लावत होते. डोळ्यामागच्या नसेवर काही दाबत असेल तर आधी लाल रंग फिका पडतो, असं ती म्हणाली. घरी कसं तपासायचं तेही तिने सांगितलं, आणि दोन डोळ्यांत फरक दिसला तर उद्याच्या उद्या घेऊन ये म्हणाली.

आता ती धूळ मला निबंधासाठी नको होती. ती काक्षीभोवतीच असावी, एवढंच मी मागत होते.

संध्याकाळी देवावरची जास्वंद उचलून मी पांढऱ्या बशीत ठेवली. देवाचं फूल घेतलं म्हणून आई रागावली. बाबांनी उजवा डोळा झाकला आणि लाल आहे म्हणाले, त्यात काय बघायचं. मग मी त्यांना डावा झाकायला लावला. त्यांनी बशी जवळ ओढली.

"फूल बदललंस का?"

मी मान हलवून नाही म्हटलं. डॉक्टर काय म्हणाली ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून ताडून बघण्यात त्यांचा हात कोण धरणार? ते उठले, चपला सरकवल्या आणि गच्चीवर गेले. मला त्यांच्यामागे जायचा धीर झाला नाही. मी त्या बशीसमोर बसून राहिले.

खाली आले ते दारातच थांबले.

"डाव्यानं पाहिलं, संपदा. तारा ठणठणीत आहे."

आई ताटं मांडत होती. ती म्हणाली, "मग चांगलंच झालं की. तोंड पाडून काय सांगताय?"